टेबल आहे, तरी ‘सापडत नाही’! लॅपटॉपवर चालणारा प्रोजेक्ट सर्व्हरवर का अडतो?

धाराशिव : उस्मानाबाद जिल्ह्याचे नाव २०२३ मध्ये अधिकृतपणे धाराशिव झाले. समजा, एखाद्या विद्यार्थ्याने विंडोज लॅपटॉपवर मायएसक्यूएलमध्ये याच नावाचे टेबल इंग्रजीत बनवले आणि कोडमध्ये पहिले अक्षर कुठे कॅपिटल, कुठे स्मॉल लिहिले. लॅपटॉपवर सगळे सुरळीत चालते. तोच प्रोजेक्ट लिनक्स सर्व्हरवर टाकला की ‘असे टेबल अस्तित्वात नाही’ असा एरर येतो.

असे का होते?

मायएसक्यूएलमध्ये डेटाबेस म्हणजे डिस्कवरचे फोल्डर आणि टेबल म्हणजे साधारणपणे त्यातली फाइल. फाइलच्या नावात विंडोज कॅपिटल-स्मॉल असा फरक करत नाही, लिनक्स करते. देवनागरीत हा भेदच नसल्याने ही चूक आपल्या चटकन लक्षात येत नाही.

उपाय काय?

टेबलांची नावे पहिल्यापासून स्मॉल अक्षरांतच ठेवा, कोडमध्येही तशीच लिहा. हा फरक मिटवणारे सेटिंग मायएसक्यूएलमध्ये आहे, पण ८.० आवृत्तीपासून ते सर्व्हरची पहिली मांडणी करतानाच ठरवावे लागते, नंतर बदलता येत नाही.

महत्त्वाचे म्हणजे, हा एरर आला म्हणजे डेटा गेला असे नाही. घाईघाईत टेबल पुसून नवे बनवू नका. आधी टेबलांची यादी काढून नावातली अक्षरे जुळवून पाहा.