कालवाच्या घरावरून सुचलेला किल्ला

दिवाळीत अंगणात मुलांचा मातीचा किल्ला होतोच. यंदा आमच्या बचत गटाने ठरवलं, मुलांकडून जलदुर्ग करून घ्यायचा आणि तोही समुद्रातल्या जिवांची घरं बघून.

कालवं काढताना बोट कापलं नाही अशी बाई आपल्या किनाऱ्यावर सापडायची नाही. कालव खडकाला चिकटलं की लाटांनी सुटत नाही. त्याचं चुन्याचं घर ते अंगातूनच तयार करतं. कोकणात शिंपले भाजून चुना करत, तो बांधकामाला वापरत. भिंतीतला चुना हवेतला कार्बन वायू घेतो आणि परत शिंपल्यासारखा कडक होतो. मुरूडच्या समुद्रातला पद्मदुर्ग बघा. खाऱ्या वाऱ्याने दगड झिजून आत गेलेत, पण सांध्यांतला चुना जाळीसारखा पुढे उभा! बुरुजाला कमळाच्या पाकळ्यांचा आकार आहे, तोही मुलांना फार आवडला.

अलिबागच्या कुलाबा किल्ल्याची तऱ्हा वेगळी. १६८० च्या सुमाराचं हे काम, शिवाजी महाराजांनी सुरू केलेलं, संभाजी महाराजांच्या काळात पुरं झालेलं. तिथे मोठमोठे दगड चुना न भरता नुसते रचलेत. लाट फटींत शिरते आणि तिचा जोर तिथेच मोडतो. आम्ही घमेल्यात एकीकडे मातीची सलग भिंत केली, दुसरीकडे खडे रचले आणि तांब्याने पाणी मारलं. माती बसली, खडे राहिले.

मग सजावटीवरून आमच्यात वाजलं. एका ताईंनी बादलीभर शंख आणले होते. सकाळी बघतो तर निम्मे शंख पडवीत चालत होते! आत खेकडे. या खेकड्यांचं मागचं अंग मऊ असतं. रिकामा शंख हेच त्यांचं घर, आणि वाढले की त्यांना मोठा शंख शोधावा लागतो. आपण किनारा झाडून नेला तर ते जायचे कुठे? ताई म्हणाल्या, "शंखाच्या वस्तू विकून चार पैसे मिळाले असते." खरंच आहे ते. पण काही जातींच्या शंख-कवड्या विकायला वन्यजीव कायद्याने बंदी आहे. विकण्याआधी वनखात्यात विचारून घ्या.

बादली ओहोटीला खडकात रिकामी केली. शंख आम्ही शाडूचे केले, पेणच्या गणपतीची माती असते तीच. बुरूज शंखासारखा पिळाचा आणि तटाला कालवांचे थर. ते थर त्याच ताईंनी लावले.