टिळक दांपत्याची कसोटी

गेल्या वर्षी वसतिगृहातील एका मैत्रिणीने मला सहज विचारले, "तुमचा देव इंग्रजी ना ग? मग तू प्रार्थना मराठीत कशी करतेस?" ती वाईट हेतूने बोलली नव्हती. मी मात्र हसून विषय बदलला, आणि ते हसणे पुढे कित्येक दिवस मला डाचत राहिले. ज्या घरात रोज संध्याकाळी रेव्हरंड टिळकांचे अभंग म्हटले जातात, त्या घरातल्या मुलीला एवढेही सांगता येऊ नये? तेव्हा राहून गेलेले उत्तर आज येथे लिहीत आहे.

नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) हे कोकणस्थ ब्राह्मण कुटुंबात जन्मलेले कवी. फेब्रुवारी १८९५ मध्ये मुंबईस त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्या काळी धर्मांतर म्हणजे केवळ मतांतर नव्हते. पंगत तुटे, आप्तेष्ट तुटत, घर मोडे. पत्नी लक्ष्मीबाई आणि लहानगा दत्तू नातलगांच्या आश्रयाला राहिले. श्रद्धेची जाहीर कबुली देणाऱ्याचे धैर्य आपण वाखाणतो. परंतु त्याची किंमत घरातले दुसरेच कोणी भरत असते, हे 'स्मृतिचित्रे' वाचल्यावाचून कळत नाही.

लक्ष्मीबाई कडक सोवळ्यात वाढलेल्या. पुढे त्या नगरला (आताचे अहिल्यानगर) पतीजवळ आल्या, तरी आपली चूल आणि सोवळे त्यांनी वेगळेच ठेवले होते. जातिभेद देवाने केलेला नसून माणसाने केलेला आहे, हा निष्कर्ष त्यांनी राहुरीस असताना स्वतःच्या विचाराने काढला, आणि मग कोणाच्याही हातचे अन्नपाणी घेऊ लागल्या. बाप्तिस्मा त्यानंतरचा, १९०० सालचा. म्हणजे मध्ये पाच वर्षे गेली! टिळक स्वभावाने अत्यंत उतावळे, पण या एका बाबतीत त्यांनी बायकोवर सक्ती केली नाही. चौकात उभे राहून उपदेश करण्यापेक्षा हे कठीण असले पाहिजे, असे मला तरी वाटते.

दुसरी कसोटी स्वकीयांतली होती. टिळक अमेरिकन मराठी मिशनमध्ये काम करीत. मंडळीत त्या काळी पाश्चात्त्य चालींवरची भाषांतरित गीते बरीच रूढ होती. (भाषांतर करणाऱ्यांची तळमळ खरी, पण मराठी जिभेला ती गीते अडखळवीत.) टिळकांनी अभंग, ओवी, पदे लिहिली, कीर्तनाचा अवलंब केला. तुकारामाच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असे ते उघडपणे म्हणत. मिशनच्या छत्राखाली राहून असे म्हणावयास छाती लागते. अखेर १९१७ मध्ये मिशनचे काम सोडून ते साताऱ्यास गेले व 'देवाचा दरबार' स्थापन केला. त्यात बाप्तिस्मा घेतलेल्यांबरोबर न घेतलेल्यांनाही जागा होती. हे सर्वांना पटण्यासारखे नव्हतेच. दोन वर्षांत टिळक निवर्तले आणि दरबारही फार वाढला नाही. त्यांचे अपुरे राहिलेले 'ख्रिस्तायन' लक्ष्मीबाईंनी पुरे केले. ज्यांना लिहिता-वाचता येणे हेच एके काळी मोठे काम होते, त्या बाईंनी!

आमच्या गावच्या मंडळीत आजही उपासनेला पेटी, तबला आणि झांजा असतात. परक्या देवाची भक्ती करतो असे तेथे कोणाच्या मनातही येत नाही. ते मनात येते शहरात आल्यावर, कोणी विचारले म्हणजे.

या नाताळच्या सुट्टीआधी त्याच मैत्रिणीला मी टिळकांचा एक अभंग म्हणून दाखविला. ती म्हणाली, "हा तुकारामांचा ना?" मी नाही म्हटले, आणि मग आम्ही दोघी रात्री बारापर्यंत बोलत बसलो. तिला सारेच पटले असे नाही. लक्ष्मीबाईंना एवढे सोसावयास लावण्याचा टिळकांना काय अधिकार होता, हा तिचा प्रश्न अजून कायम आहे, आणि माझ्याजवळ त्याचे उत्तर नाही. माझी 'स्मृतिचित्रे'ची प्रत सध्या तिच्याकडे आहे.