जुनी वास्तू, हलाल भाडे आणि हिशेबाची वही

ताडोब्याला पर्यटक वाढले तशी पोंभुर्ण्याकडच्या आपल्या घरांतही चर्चा सुरू झाली आहे : चौघा नातेवाइकांनी मिळून एखादा इंग्रजी काळातला बंगला किंवा जुना वाडा घ्यावा आणि खोल्या भाड्याने द्याव्यात. मुसाफिराला निवारा देणे नेकीचे, भाड्याची कमाई हलाल. विचार चांगला आहे. पण आधी दोन जुन्या उदाहरणांकडे पाहू.

मुंबईत काळा घोड्याजवळ 1860 च्या दशकात लोखंडी सांगाड्यावर वॉटसन्स हॉटेल उभे राहिले. 7 जुलै 1896 रोजी ल्युमिए बंधूंची चलचित्रे भारतात प्रथम तेथेच दाखवली गेली. पुढे हॉटेल बंद पडले, खोल्यांत भाडेकरू आले, भाडेनियंत्रणामुळे भाडी गोठली आणि डागडुजी मागे पडली. 2005 मध्ये सज्जे कोसळून एकाचा जीव गेला. 2019 मध्ये इमारत रिकामी करावी लागली. म्हणून भाड्यातला ठरावीक हिस्सा पहिल्या महिन्यापासून दुरुस्तीसाठी वेगळा काढावा.

दुसरे उदाहरण माथेरानचे. सर आदमजी पीरभॉय यांच्या पैशातून 1907 साली नेरळहून छोटी रेल्वे वर गेली आणि तिथल्या बंगल्यांकडे पाहुण्यांची वाट सोपी झाली. वास्तू कितीही देखणी असो, वाट सोयीची हवी. आपला तालुका ताडोब्याच्या प्रवेशद्वारांपासून दूर आहे, शिवाय जंगलाचा गाभा पावसाळ्यात तीन महिने बंद असतो. हिशेब बारा महिन्यांचा नव्हे, नऊ महिन्यांचा धरा.

आता कागदपत्रे. सातबारा आणि फेरफार नीट पाहा. आदिवासींची जमीन बिगर-आदिवासीला शासनाच्या पूर्वमंजुरीशिवाय घेता येत नाही. विकणाऱ्या घरातल्या बहिणींच्या सह्या आहेत ना? वारसा हक्कातला त्यांचा वाटा कुरआनने ठरवून दिला आहे; तो दाबून मिळालेल्या घरात बरकत कुठून येणार?

भागीदारी तोंडी नको. देण्याघेण्याचा व्यवहार लिहून ठेवा, साक्षीदार ठेवा, हा सूरह बकरातला आदेश आहे. नफ्याचे प्रमाण आधी ठरवावे. तोटा मात्र ज्याचे जेवढे भांडवल, तेवढा त्याचा. 'दर महिन्याला ठरलेली रक्कम नक्की देतो, तोटा माझा,' असे कोणी म्हटले, तर ती भागीदारी उरत नाही, तिला व्याजाचे रूप येते. बँकेच्या व्याजी कर्जावर उभा केलेला मुसाफिरखाना आणि दारू विकून वाढवलेला गल्ला, दोन्हींपासून दूर राहावे.

जकातीबद्दल अनेक भगिनी विचारतात. भाड्यासाठी ठेवलेल्या इमारतीच्या किमतीवर जकात नाही. भाड्यातून शिल्लक राहिलेली रक्कम इतर बचतीसह निसाबाएवढी असेल आणि वर्ष पूर्ण झाले असेल, तर तिच्यावर अडीच टक्के जकात द्यावी. मात्र वास्तू नफ्याने विकण्यासाठीच घेतली असेल, तर तिची बाजारभावाने किंमत धरावी लागते.

मुलीच्या लग्नासाठी किंवा हजसाठी साठवलेला पैसा यात घालू नये. जुनी भिंत घाईत विकली जात नाही, आणि गरज मात्र तारीख पाहून येत नाही.