थंडी वाजतेय? आधी लेबल वाचा!

शोरूममधला आरसा खोटं बोलत नाही, असं मला वाटायचं. जाडजूड, मरून रंगाचा, गळाबंद स्वेटर... आणि त्यात मी भलताच हॅण्डसम! आम्ही ऑफिसमधल्या चौघांनी डिसेंबरात केदारकंठ्याचा ट्रेक ठरवला होता. माझी तयारी फुल्ल होती. आत कॉटनचा टी-शर्ट, खाली आवडती जीन्स आणि वर हा स्वेटर. पुण्यात पारा दहाच्या खाली गेला तरी एवढ्यावर बाइक दामटत ऑफिस गाठतोच की आपण!

केदारकंठा उत्तराखंडात, सुमारे साडेबारा हजार फुटांवर. सांकरी गावातून चढाई सुरू होते. बर्फातून चढताना पहिले दोन तास मला चक्क उकडत होतं. घामानं टी-शर्ट चिंब, जीन्स गुडघ्यापर्यंत ओली. खरी गंमत झाली ती थांबल्यावर. कॅम्पवर टेकलो आणि दहा मिनिटांत दात वाजायला लागले. बोटांना बुटाची लेस सुटेना. मित्र काहीतरी विचारत होता आणि उत्तर देताना माझी जीभ अडखळत होती.

गाइडनं एकदाच माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, ‘‘पहले अंदर का गीला कपडा उतारो!’’ एवढ्या थंडीत कपडे काढायचे? वेडा आहे का हा? पण त्यानं माझं काही ऐकलंच नाही. अंग कोरडं केलं, स्वतःचा लोकरी बनियन मला चढवला, स्लीपिंग बॅगमध्ये कोंबलं आणि गरम गोड चहा पाजला. अर्ध्या तासानं मी माणसांत आलो. ती हायपोथर्मियाची सुरुवात होती, म्हणजे शरीराचं तापमान घसरायला लागलं होतं, हे नंतर कळलं. तेव्हा मात्र जाम टरकली.

घोळ कॉटनचा!

फंडा सोपा आहे. ऊब कपड्यात नसते, कपड्यात अडकलेल्या हवेत असते. कॉटन घाम पटकन पितं, पण लवकर सोडत नाही. हवेच्या जागी पाणी येतं आणि पाणी हवेपेक्षा सुमारे २५ पट वेगानं उष्णता ओढून नेतं. थोडक्यात, मी अंगभर ओली पट्टी गुंडाळून बसलो होतो!

लोकरीचं तसं नाही. तिचे तंतू कुरळे, त्यामुळे हवा छान अडकते. शिवाय स्वतःच्या वजनाच्या सुमारे ३० टक्के ओलावा पिऊनही ती ओली लागत नाही. मेरिनोचा तंतू बारीक असतो, म्हणून तो टोचत नाही. अंगालगत घालायला एकदम बेस्ट. पश्मिना त्याहून तलम. लडाखच्या चांगथांगमधल्या शेळ्यांची ही लोकर वजनाला हलकी, खिशाला मात्र जड! फ्लीस म्हणजे पॉलिएस्टरच. स्वस्त, हलकं आणि झटपट वाळणारं. पण वारा त्यातून आरपार जातो. पिसांचं डाऊन जॅकेट वजनाच्या मानानं सगळ्यात उबदार, पण भिजलं की त्याचा लगदा होतो.

आणि माझा ‘प्युअर वूल’ स्वेटर? घरी आल्यावर आतलं लेबल वाचलं. १०० टक्के अॅक्रिलिक! अॅक्रिलिक वाईट नाही हं. गावातल्या कोरड्या थंडीत मस्त चालतं. पण लोकरीचे पैसे मोजून अॅक्रिलिक कशाला घ्यायचं?

त्याच आठवड्यात आईनं माळ्यावरून आजोबांची घोंगडी काढली. दख्खनी मेंढीची लोकर, चिंचोक्याची खळ दिलेली, काळीभोर. लहानपणी ‘टोचते’ म्हणून मी तिला नाक मुरडायचो. त्या रात्री मात्र मुकाट्यानं ओढून घेतली. आजोबा हिच्यावर अख्खा हिवाळा काढायचे. त्यांना लेबल वाचावं लागलं नव्हतं!

खरेदीला निघताय?

* तीन थर लक्षात ठेवा. अंगालगत मेरिनो किंवा सिंथेटिक थर्मल, मध्ये लोकर किंवा फ्लीस, वर वारा अडवणारं जॅकेट.

* बाइकवर नुसता स्वेटर घालू नका. विणीतून वारा घुसतो. वर साधं विंडचीटर चढवा, फरक लगेच कळेल.

* शंका आली तर शिवणीतला एक धागा चिमट्यात धरून बेसिनवर जाळा. केस जळल्यासारखा वास आला आणि बोटांत चुरडणारी राख उरली, तर लोकर. वितळून कडक मणी झाला, तर सिंथेटिक.

* लोकर थंड पाण्यात, रिठ्यानं धुवा. पिळू नका, टांगू नका. सपाट पसरून वाळवा.

* ट्रेकला जीन्स नको म्हणजे नकोच. आणि सॅकमध्ये कोरडा बनियन हवाच. माझ्या वेळी तो गाइडकडे होता, म्हणून निभावलं!