गाडी झोपेपर्यंत थांबा

नवीन पनवेलमधल्या बऱ्याच गाड्या सोमवार ते शनिवार सोसायटीतच उभ्या. मालक हार्बर लोकलने मुंबईला जातात, रविवारी चावी फिरवतात आणि सेल्फ लागत नाही, नुसती टकटक. मग आम्हा ऑटो इलेक्ट्रिशियनला फोन येतो, "अहो, बॅटरी तर आत्ताच नवी टाकलीय!" म्हणजे उभी गाडी करंट खातेय.

आधी बॅटरी पूर्ण चार्ज करायची, १२.६ व्होल्टपर्यंत. मग मायनसची वायर काढून मध्ये अँपिअरचा मीटर. फ्यूज बॉक्स डॅशबोर्डखाली असला तर दार उघडं ठेवावं लागतं. म्हणून त्याचं लॉक स्क्रूड्रायव्हरने दाबून बसवतो, गाडीला दार बंदच वाटतं. बिनचावीच्या गाडीची चावी लांब ठेवायची. आणि मग बसून राहायचं.

हे बसणंच गिऱ्हाइकाला खुपतं. पण लॉक केल्यावर आतले कॉम्प्युटर लगेच झोपत नाहीत. कधी वीस मिनिटं, कधी पाऊण तास. काटा ५० मिलिअँपिअरच्या आत उतरला तर ठीक. तेवढ्यात शेठ चष्मा घ्यायला दार उघडतात आणि मोजणी पुन्हा पहिल्यापासून!

एका गाडीत मीटर ०.४ अँपिअरवर अडकला. एकेक फ्यूज काढत गेलो. आतल्या दिव्यांचा काढताच आकडा पडला. संशय डिकीच्या बल्बवर. पण बंद डिकीत बघणार कोण? पोऱ्याने मोबाइलवर व्हिडिओ सुरू करून फोन आत ठेवला. दिवा जळतच होता. पाच वॅटचा बल्ब, पण ३५ अँपिअर-अवरची बॅटरी चार दिवसांत झोपवतो.

म्युझिक सिस्टिमचे किस्से तर नेहमीचे. पिवळ्या वायरीला कायम करंट, लाल चावीवर. चावीशिवाय गाणी वाजावीत म्हणून कुणीतरी दोन्ही एकत्र पिळलेल्या असतात. बहुतेकदा मालकाच्याच हट्टाने.

एकदा सगळे फ्यूज काढले तरी आकडा हलेना. रात्रभर उभ्या गाडीच्या अल्टरनेटरला हात लावला, तर तो कोमट! जाड वायर सोडवली आणि मीटर खाली आला. आतला डायोड गळत होता.

जहाजावर नोकरी करणाऱ्या एका गिऱ्हाइकाच्या गाडीत मात्र काहीच निघालं नाही. ५० मिलिअँपिअर म्हणजे दिवसाला १.२ अँपिअर-अवर, महिन्याला ३६. ते चार-चार महिने समुद्रावर, बॅटरी उतरणारच. "म्हणजे बदलायचं काहीच नाही?" ते हिरमुसले. नवा पार्ट विकत घ्यायची त्यांची तयारी होती. आम्ही हातात दहाचा पाना दिला: निघताना मायनस काढून ठेवा.