स्पेनचे युद्ध आणि फैजपूरचा ठराव



फैजपूर हे गाव आपल्यापैकी बहुतेकांच्या पायाखालचे. यावलहून सावद्याकडे निघाले की वाटेत लागते. केळीने भरलेले ट्रक, बाजार आणि कॉलेज एवढीच त्याची ओळख आपल्याला असते. शाळेत एक ओळ पाठ केलेली असते, की काँग्रेसचे खेड्यात भरलेले पहिले अधिवेशन फैजपूरला झाले, साल १९३६. परीक्षेत एक मार्क मिळतो आणि विषय तिथेच संपतो.

पण त्या अधिवेशनात ठरले काय? जाणकार माणसे शेतसारा आणि कर्जाचे ठराव सांगतात. ते खरेच आहे. परंतु त्याच मांडवात स्पेन नावाच्या दूरदेशी चाललेल्या यादवी युद्धावरही एक ठराव मंजूर झाला होता. त्या लढाईत बाहेरच्या सत्तांनी फौजा आणि विमाने घातली, त्याविरुद्ध आपल्या खान्देशातल्या खेड्यातून आवाज उठला होता.

आता तुम्ही म्हणाल, कुठे स्पेन आणि कुठे फैजपूर! मंदीमुळे कापसाला भाव नव्हता, डोक्यावर सावकार बसलेला होता, आणि यांना स्पेनची पडली होती! प्रश्न रास्त आहे. म्हणूनच जरा सविस्तर बघू.

मांडव कुणाचा होता?

अधिवेशन २७ आणि २८ डिसेंबर १९३६ रोजी भरले. अध्यक्ष पंडित जवाहरलाल नेहरू. शहर सोडून खेड्यात या, हा गांधीजींचा आग्रह होता. अधिवेशनाच्या जागेला ‘टिळकनगर’ नाव दिले होते. शांतिनिकेतनचे चित्रकार नंदलाल बोस यांनी आपल्याकडचेच बांबू वगैरे साहित्य वापरून कमानी उभारल्या. खादी व ग्रामोद्योगाचे प्रदर्शन गांधीजींच्या हस्ते उघडले. स्वागताध्यक्ष शंकरराव देव होते. खिरोद्याचे धनाजी नाना चौधरी आणि साने गुरुजी यांच्यासारखी माणसे तयारीसाठी राबत होती. यातल्या कित्येकांनी तुरुंग पाहिलेला होता. विनोबांनी १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात गीतेवर प्रवचने दिली, ती उतरवून घेणारे साने गुरुजीच.

त्याच वेळी फैजपुरात किसान सभेचेही अधिवेशन झाले. प्रा. एन. जी. रंगा अध्यक्ष होते. त्यासाठी सुमारे ५०० शेतकरी मनमाडहून पायी निघाले आणि वाटेतल्या गावागावांतून आपल्या मागण्या सांगत फैजपूरला पोहोचले. म्हणजे स्पेनचा ठराव झाला त्या टिळकनगरात पायाला फोड आलेला शेतकरीही हजर होता.

स्पेनमध्ये काय पेटले होते?

स्पेन हा तेव्हा शेतीवर जगणारा देश. दक्षिणेकडे हजारो एकरांची जहागीर एकेका घराण्याकडे, आणि भोवती भूमिहीन मजूर. आपल्याकडच्या सालदाराला निदान वर्षाची बोली असते. तिथल्या मजुराला रोज सकाळी चौकात उभे राहावे लागे. मुकादमाने बोट दाखवले तर त्या दिवशी चूल पेटायची.

१९३१ साली राजा गेला आणि प्रजासत्ताक आले. १९३२ साली जमीन वाटपाचा कायदा झाला, पण अंमलबजावणी कासवाच्या गतीने चालली. फेब्रुवारी १९३६ च्या निवडणुकीत डाव्या आणि लोकशाहीवादी पक्षांची आघाडी निवडून आली. मार्चमध्ये एकाच दिवशी बादाहोस या एका प्रांतात साठ हजारांच्या आसपास मजुरांनी पडीक जहागिरींत शिरून आपले पट्टे आखले. जुलैमध्ये लष्करातल्या काही सेनापतींनी बंड केले. पुढे जनरल फ्रँको त्यांचा म्होरक्या झाला. जहागीरदार बहुतांशी त्याच्या बाजूला आणि भूमिहीन मजूर बहुतांशी सरकारच्या बाजूला, अशी देशाची फाळणी झाली.

इथवर हे घरचे भांडण होते. पण फ्रँकोची कसलेली फौज समुद्रापलीकडे मोरोक्कोत अडकली होती. तिला स्पेनमध्ये उतरवायला हिटलरने जर्मनीतून आणि मुसोलिनीने इटलीतून विमाने धाडली. मग तोफा, रणगाडे आणि हजारोंनी इटालियन सैनिक आले. सरकारच्या बाजूला रशियाने शस्त्रे दिली, हेही सांगितले पाहिजे. मात्र बंडाच्या पहिल्या दिवसांत पारडे फिरवले ते जर्मन-इटालियन विमानांनी.

बांधाचे भांडण आणि बंद दुकान

इंग्लंड-फ्रान्सने काय केले? ‘आम्ही कोणाच्याच बाजूने पडणार नाही, कोणालाच शस्त्रे देणार नाही’ असा करार पुढे केला. जर्मनी आणि इटलीनेही त्यावर मान डोलावली. सप्टेंबर १९३६ पासून लंडनमध्ये त्यासाठी एक समिती बसू लागली. ऐकायला किती छान, नाही का?

आपल्या गावातला दाखला घेऊ. दोन भावांत बांधावरून वाद आहे. थोरल्याकडे सातबारा आहे, मोजणीचा नकाशा आहे. धाकट्याने दांडगाई करून बांध फोडला. गावचे पुढारी म्हणतात, ‘आपण कोणालाच काठी द्यायची नाही. घरच्यांचे घरच्यांनी बघावे.’ थोरला गप्प बसतो, कारण सगळ्या दुकानांची दारे त्याला बंद झालेली असतात. धाकट्याचा मेहुणा मात्र रात्री टेम्पो भरून माणसे आणि काठ्या आणून सोडतो. पुढाऱ्यांना टेम्पो दिसतो, पण ते म्हणतात, ‘आम्ही कुठे मध्ये पडलो?’ सांगा बरं, अशा वेळी ‘मध्ये न पडणे’ कोणाच्या पथ्यावर पडले?

फैजपूरच्या ठरावात नेमके यावर बोट ठेवले होते. परक्या भाडोत्री सैन्याच्या आणि फॅसिस्ट सत्तांच्या मदतीने एक लष्करी टोळी स्पेनच्या जनतेवर तुटून पडली आहे, ब्रिटिश सरकारच्या तटस्थतेच्या धोरणाने तिथल्या सरकारचेच हात बांधले गेले आणि प्रत्यक्षात बंडखोरांना मदत झाली, असा त्याचा आशय होता. हिंदुस्थानच्या जनतेच्या वतीने स्पेनच्या जनतेला पाठिंबा कळवला होता. हा लढा जगाच्या आणि हिंदुस्थानच्याही भवितव्याशी जोडलेला आहे, असेही म्हटले होते.

परक्याच्या लढाईत आपली पोरे

आपल्या माणसांना हे इतके जिव्हाळ्याचे का वाटले, याचे कारण घरातलेच होते. इंग्रज सरकार हिंदुस्थानच्या शिपायाला वाटेल तिथे लढायला नेत असे. पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियाच्या, म्हणजे आजच्या इराकच्या वाळवंटात आपले हजारो जवान पडले. १९२७ साली चीनमध्ये यादवी चालू असताना इंग्रजांनी हिंदी पलटणी शांघायला उतरवल्या. त्याच वर्षाच्या अखेरीस मद्रासच्या काँग्रेसने त्याचा निषेध केला होता. फ्रँकोने स्पेनवर घातलेल्या फौजेतही मोरोक्कोतल्या गरीब घरची पोरे पगारावर भरती केलेली होती. गुलाम देशातला शिपाई दुसऱ्याच्या घरात घुसायला वापरायचा, ही रीत आपल्या लोकांनी ओळखली होती.

म्हणून फैजपूरला त्याच्या जोडीला आणखी एक ठराव झाला. साम्राज्याच्या फायद्यासाठी होणाऱ्या कोणत्याही युद्धात हिंदुस्थानला ओढण्यास आमचा विरोध राहील, असा तो होता. शेतकऱ्यांविषयीच्या ठरावात सारा व खंड कमी करणे, न परवडणाऱ्या तुकड्यांना सूट, कर्जाचा बोजा हलका करणे, वेठबिगार बंद, कुळाला कायम हक्क आणि शेतमजुराला पोटापुरती मजुरी या मागण्या होत्या. दोन्ही गोष्टी एकाच मांडवात बसल्या. जमीन कुणाची, आणि त्या जमिनीवरचा पोरगा कुणासाठी मरणार, हे प्रश्न एकमेकांपासून फार लांब नाहीत.

ठरावाने युद्ध थांबले का?

नाही थांबले. एप्रिल १९३७ मध्ये जर्मन आणि इटालियन विमानांनी गेर्निका हे बाजाराचे गाव, सोमवारी, बाजाराच्या दिवशीच, बाँब टाकून जाळले. आपल्याकडून पैसा आणि धान्य गोळा करून पाठवण्याचे प्रयत्न झाले. नेहरू स्वतः जून १९३८ मध्ये बार्सिलोनाला जाऊन आले. नागपूरचे गोपाळ मुकुंद हुद्दार तर ‘जॉन स्मिथ’ नाव घेऊन फ्रँकोविरुद्ध प्रत्यक्ष लढले आणि १९३८ साली पकडले जाऊन फ्रँकोच्या कैदेत राहिले. तरीही १ एप्रिल १९३९ रोजी फ्रँको जिंकला. स्पेनच्या शेतमजुराच्या नावावर झालेली जमीन पुन्हा जहागीरदाराकडे गेली.

पाच महिन्यांनी दुसरे महायुद्ध सुरू झाले. ३ सप्टेंबर १९३९ रोजी व्हाइसरॉयने हिंदुस्थान युद्धात असल्याचे जाहीर केले. इथल्या एकाही प्रतिनिधीला विचारले नाही. फैजपूरला ज्या गोष्टीची भीती बोलून दाखवली होती, तीच समोर आली. मुंबईसह ठिकठिकाणच्या काँग्रेस मंत्रिमंडळांनी राजीनामे दिले. जाण्यापूर्वी मुंबई इलाख्यात कुळांचा आणि शेतकऱ्यांच्या कर्जनिवारणाचा, असे दोन कायदे १९३९ साली झाले होते. तलाठी भाऊसाहेब ज्या १९४८ च्या कुळकायद्याचा हवाला देतात, त्याची पहिली पायरी हीच.

मग ठरावाचा उपयोग काय झाला? माझ्या मते एवढा झाला, की वेळ आली तेव्हा ‘आम्हाला न विचारता युद्ध नाही’ हे सांगायला लोक आधीपासून तयार होते. पाऊस आल्यावर कोणी बांध घालत नाही. तो उन्हाळ्यातच घालून ठेवावा लागतो.

स्वतंत्र झाल्यावर

स्वातंत्र्यानंतर निर्णय आपल्या हाती आले, म्हणून प्रश्न सुटला असे नाही. जुलै १९८७ च्या करारानुसार आपली शांतिसेना श्रीलंकेत गेली. तिथे सिंहली सरकार आणि तमिळ वाघ यांच्यात यादवी चालू होती. शांतता राखायला गेलेली फौज ऑक्टोबरपासून स्वतःच लढाईत उतरली. अकराशेहून अधिक भारतीय जवान कामी आले. मुंबईत जन्मलेले, महार रेजिमेंटच्या ८ व्या बटालियनचे मेजर रामस्वामी परमेश्वरन २५ नोव्हेंबर १९८७ रोजी धारातीर्थी पडले. त्यांना परमवीरचक्र मिळाले. तमिळनाडूत या मोहिमेला मोठा विरोध झाला आणि खुद्द श्रीलंकेच्या राष्ट्राध्यक्षांनीही नंतर फौज परत न्या म्हणून सांगितले. मार्च १९९० मध्ये शेवटची तुकडी मद्रास बंदरात उतरली, तेव्हा त्या राज्याचे मुख्यमंत्री स्वागतालाही गेले नाहीत.

इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्यावी. जवानाचा मान आणि निर्णयाची चौकशी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. फौज पाठवायला विरोध करणाऱ्याने जवानाकडे पाठ फिरवू नये, आणि निर्णयाबद्दल विचारणाऱ्याला कोणी देशद्रोही म्हणू नये. ज्याच्या घरातला मुलगा सीमेवर आहे, त्याला तर विचारण्याचा पहिला हक्क आहे.

२००३ साली अमेरिकेने इराकवर स्वारी केल्यावर आपल्याकडे फौज मागितली. संसदेने एप्रिलमध्येच त्या युद्धाची निंदा केली होती, देशातले वातावरण विरोधात होते, आणि १४ जुलै २००३ रोजी सरकारने नकार कळवला. त्या निर्णयाने वाचलेल्या जवानांची नावे कुठल्याही स्मारकावर दिसत नाहीत, कारण ती माणसे आपापल्या घरी परत आली.

आपल्या चावडीवर

परदेशातले युद्ध लांब असते, हे आता म्हणण्यापुरतेच राहिले आहे. येमेनच्या यादवीत २०१५ साली शेजारच्या देशांनी विमाने घातली. भांडण वाढत गेले आणि नोव्हेंबर २०२३ पासून तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले झाले. युरोपला जाणारा आपला शेतमाल आफ्रिकेला वळसा घालून न्यावा लागला. भाडे वाढले आणि नाशिकच्या द्राक्षवाल्याचे दिवस वाया गेले. पोटॅशसाठी तर आपण जवळजवळ पूर्णपणे बाहेरच्या देशांवर अवलंबून आहोत. कुठे तोफ उडाली की खताच्या गोणीवर तिचा आवाज ऐकू येतो.

ग्रामसभा परराष्ट्र धोरण ठरवत नाही, हे मलाही कळते. पण खासदार मते मागायला आपल्याच गावात येतो. पेपरात अशी बातमी वाचली, की चावडीवर चार प्रश्न टाकून बघा. भांडणाच्या मुळाशी काय आहे, जमीन, पाणी की सत्ता? बाहेरून फौज कोण घालतो आहे, आणि त्याला तिथून काय न्यायचे आहे? ‘आम्ही मध्ये पडत नाही’ म्हणणारा रात्रीच्या टेम्पोकडे डोळेझाक तर करत नाही ना? आणि आपली पोरे पाठवायची असतील, तर त्याआधी आपल्याला कोणी विचारले का?

सरपंच आणि गुरुजींना एक विनंती. डिसेंबरात शाळेची सहल काढाल तेव्हा एक दिवस फैजपूरला ठेवा. पोरांना शेतसाऱ्याचा ठराव सांगा, मनमाडहून चालत आलेल्यांची गोष्ट सांगा, आणि सोबत स्पेनचा ठरावही सांगा. ज्यांचे स्वतःचे हात बांधलेले होते, त्या माणसांनी दुसऱ्याच्या बांधलेल्या हातांबद्दल तोंड उघडले होते. त्यांचे गाव आपल्यापासून एका एस.टी.च्या तिकिटावर आहे.