मैदानातले पंच – लेखांक ५ : झेल सुटला, तरी बाद!

मुलांच्या बेसबॉल सामन्यात पालकांना हमखास चिडवणारा निर्णय म्हणजे इनफिल्ड फ्लाय. चेंडू उंच उडतो. शॉर्टस्टॉपला उभं असलेलं नऊ-दहा वर्षांचं पोर ग्लोव्ह वर धरून दोन पावलं मागे, एक पुढे असं करतं आणि चेंडू त्याच्या पायाशी टपकतो. बॅटरची आई ‘पळ, पळ’ म्हणून ओरडत असते. पंचांनी मात्र चेंडू हवेत असतानाच उजवा हात वर करून बॅटरला बाद दिलेलं असतं. क्रिकेटवर पोसलेल्या आपल्या मनाला तर हे पटतच नाही.

आधी अटी पाहू. पहिल्या आणि दुसऱ्या बेसवर रनर हवेत, तिसऱ्यावरही असला तर चालेल. दोनपेक्षा कमी खेळाडू बाद झालेले हवेत. आणि इनफिल्डरला साध्या प्रयत्नात घेता येईल असा उंच झेल हवा, तोही फाउल रेषांच्या आत. सपाट फटका किंवा बंट असेल तर हा नियम लागत नाही.

कारण रनरच्या कोंडीत आहे. झेल जाणार असं दिसलं की रनर आपापल्या बेसला चिकटून राहतात. पुढे निघाले आणि झेल गेला, तर परत येईपर्यंत बाद व्हायची भीती. ते जागचे हलत नाहीत हे पाहून क्षेत्ररक्षकाने चेंडू मुद्दाम पाडला, तर बॅटर पहिल्या बेसकडे निघाल्यामुळे दोघांनाही जागा सोडावीच लागते आणि फुकटात दोन बळी जातात. ही चलाखी मोडायला अमेरिकेच्या नॅशनल लीगने १८९५ मध्ये हा नियम आणला. एकटा रनर पहिल्या बेसवर असेल तर नियम लागत नाही, कारण बॅटर नीट पळाला तर चेंडू पाडून काही साधत नाही.

खरी गोम आहे ती ‘साध्या प्रयत्ना’त. कोणाचा साधा प्रयत्न? नियमपुस्तकाने उत्तर दिलं आहे: त्या लीगमधल्या त्या जागेवरच्या सरासरी खेळाडूचा, तोही मैदान आणि हवामान लक्षात घेऊन. म्हणजे टीव्हीवर पाहिलेला शॉर्टस्टॉप मोजमापाला घ्यायचा नाही. नवखे पंच नेमके इथेच चुकतात. नऊ वर्षांच्या मुलांच्या सामन्यात निम्मे उंच झेल सुटत असतील, तर माझ्या मते पंचांचा हात क्वचितच वर जावा. मुद्दाम चेंडू पाडायचा बेत त्या वयात कुणाच्या डोक्यातही नसतो. बाराव्या वर्षी मात्र तो असतो, आणि चांगलाच असतो.

मोठ्यांनाही हे मोजमाप सोपं जात नाही. ५ ऑक्टोबर २०१२ रोजी अटलांटात ब्रेव्ह्ज विरुद्ध सेंट लुईस कार्डिनल्स सामन्यात शॉर्टस्टॉप पार आउटफिल्डमध्ये गेला असताना पंचांनी इनफिल्ड फ्लाय दिला. चेंडू पडला, प्रेक्षकांनी मैदानात बाटल्या फेकल्या आणि खेळ १९ मिनिटं थांबला.

आता मुलांच्या मैदानावर सर्वात जास्त घोटाळा होतो तो भाग. बॅटर बाद झाला तरी चेंडू ‘जिवंत’च असतो. रनर स्वतःच्या जबाबदारीवर पळू शकतो, पण त्याच्यावर सक्ती उरलेली नसते. त्यामुळे झेल सुटल्यावर तिसऱ्या बेसमनने चेंडू हातात घेऊन नुसता बेसवर पाय ठेवला, तर कोणी बाद होत नाही. पळणाऱ्या रनरला चेंडू लावावाच लागतो. प्रशिक्षकच ‘बेसवर पाय ठेव’ असं ओरडतात, पोरगं ऐकतं, आणि रनर आरामात तिसऱ्यावर पोचतो. मग तावातावाने वाद पंचांशी!

चेंडू फाउल रेषेच्या आसपास असेल तर पंच ‘इनफिल्ड फ्लाय, इफ फेअर’ असं पुकारतात. तो रेषेबाहेर जाऊन नुसता पडला, तर तो साधा फाउल ठरतो आणि बॅटर परत खेळायला उभा राहतो.

पुढच्या आठवड्यात : तिसरी स्ट्राइक कॅचरच्या हातून निसटली तर?